घरातली सगळी यंत्रं एकाच सुरात 'टीं टीं' का करतात?

रामबागवाली
मंडळी, आमच्या घरात 'टीं' करणाऱ्या वस्तू मोजल्या तर यादी अशी: मायक्रोवेव्ह, इंडक्शन, फ्रिज (दार उघडं राहिलं की), वॉशिंग मशीन, पाण्याचा प्युरिफायर, इन्व्हर्टर. सगळ्यांचा आवाज एकच. टीं टीं सुरू झालं की घरातली माणसं वेगवेगळ्या दिशांना धावतात, आणि वाजणारी वस्तू भलतीच असते.

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. मशीनची टीं त्यांना अजिबात ऐकू येत नाही, धुतलेले कपडे आत तसेच पडून राहतात. पण कचरागाडी दोन गल्ल्या पलीकडे असतानाच तिचं गाणं त्यांना ऐकू येतं आणि त्या डबे घेऊन दारात हजर. दाराची जुनी डिंगडाँगही बरोब्बर ऐकू येते. मग कान गेले म्हणावं तर तसंही नाही.

तर प्रश्न असा की हे आवाज कुणी ठरवतं का, की कारखान्यात जो बझर हाताला लागला तो बसवून मोकळे? आणि तुमच्या वापरात अशी एखादी वस्तू आहे का, जिचा आवाज ऐकून वाटतं की हा करणाऱ्याने डोकं लावलंय? मला तर वाटतं कंपन्या रंग, हँडल, दाराची काच यांवर हौसेने खर्च करतात आणि आवाज सगळ्यात शेवटी उरकून टाकतात.

सराफ्याचा_खवय्या
मी पयला!
उत्तर सोपं आहे, दुकानातला साउंडबॉक्स. रात्री आपल्या इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन बघा. भुट्ट्याचा कीस परतणाऱ्याचे दोन्ही हात कामात, समोर ही गर्दी. तो मोबाइलकडे बघतसुद्धा नाही. डब्यातून 'साठ रुपये प्राप्त हुए' आलं की द्रोण पुढे. आधी लोक स्क्रीनशॉट दाखवायचे, त्यात खोटे किती असायचे ते दुकानदारांनाच विचारा. आता गिऱ्हाईक, दुकानदार आणि रांगेतले सगळे एकाच वेळी ऐकतात. भांडणच मिटलं, भिया.

मुक्काम_पोस्ट_पुणे
आमच्याकडे १ ते ४ साउंडबॉक्ससुद्धा झोपतो.

सुपरकॉरिडॉर_नाना
खवय्यांना +१. मी वस्तूंच्या डिझाइनमध्येच काम करतो (सॉफ्टवेअरच्या बाजूला), म्हणून थोडी भर. त्या डब्यात स्वतःचं सिम असतं, दुकानदाराच्या फोनची बॅटरी मेली तरी तो बोलतो. नुसती टीं न करता आकडा बोलतो हे खरं शहाणपण. टीं ऐकून 'काहीतरी झालं' एवढंच कळलं असतं, सहाचे आले की साठचे ते नाही. शिवाय भाषा निवडता येते.

शांतताप्रिय
सगळे एकाच वेळी ऐकतात हेच तर मला खटकतं. औषधांच्या दुकानात माझे किती रुपये झाले हे मागच्या रांगेने का ऐकावं? आणि मुळात धाग्याची दिशाच चुकते आहे असं माझं मत. प्रश्न 'चांगला आवाज कसा करावा' हा नसून 'आवाज हवाच कशाला' हा आहे. मायक्रोवेव्हमध्ये अन्न गरम झालं हे मला माहीत आहे, मीच ठेवलं होतं. न काढल्यास दर मिनिटाला आठवण करून देणारं यंत्र हे यंत्र नसून आत्या आहे.

रामबागवाली
@शांतताप्रिय, माझ्या आत्या वाचतात हे संस्थळ :)

कान_नाक_घसा
व्यवसायाने कानाचा डॉक्टर आहे. सासूबाईंचं जे वर्णन आलंय ते अगदी नमुनेदार आहे. वय वाढतं तशी ऐकण्याची क्षमता सगळ्या पट्ट्यांत सारखी कमी होत नाही. आधी वरच्या पट्टीतले, म्हणजे जास्त फ्रीक्वेन्सीचे आवाज जातात. आतल्या कानातल्या ज्या पेशी उंच सूर टिपतात त्या सगळ्यात आधी झिजतात. म्हणून वयस्कर माणूस म्हणतो 'तू बोलतोस ते ऐकू येतं, पण कळत नाही'. स, श, फ यांसारखे वर्ण वरच्या पट्टीतले, ते गळतात आणि वाक्य अर्धवट पोचतं.

कचरागाडीच्या गाण्यात ढोलक आहे, माणसाचा गळा आहे. त्याची बरीचशी ताकद दीड-दोन हजार हर्ट्झच्या खाली असते आणि तिथे त्यांचा कान अजून शाबूत आहे. डिंगडाँगचंही तेच. मशीनचा बझर मात्र नेमका त्याच्या वर वाजतो.

यावर काम झालेलं नाही असं नाही. जपानने २००२ मध्ये घरगुती वस्तूंच्या आवाजांसाठी वेगळं मानक काढलं, ज्येष्ठांचा विचार करून. त्यात सांगितलंय की सूर अडीच हजार हर्ट्झच्या वर नेऊ नका. पुढे २०१० मध्ये त्याच धर्तीवर आंतरराष्ट्रीय मानकही आलं, आयएसओ २४५००. म्हणजे नियम लिहून ठेवलेला आहे. पाळण्याची सक्ती नाही.

तरी एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे कुठल्या पट्टीत किती ऐकू येतं याची तपासणी, करून घ्या. अर्ध्या तासाचं काम, दुखत-खुपत नाही.

सोल्डरवाले_काका
ताई, 'उरकून टाकतात' या आरोपावर कारखान्याच्या बाजूने बोलायला कुणीतरी हवं, म्हणून मी. आयुष्य सर्किट बोर्डांत गेलं.

तुमच्या सगळ्या वस्तूंत जी टीं आहे ती पिझो बझरची. पितळेची एक पातळ चकती, तिच्यावर सिरॅमिकचा थर. वीज दिली की तो थर आक्रसतो-पसरतो आणि चकती वाकते. प्रत्येक चकतीचा स्वतःचा एक ठरलेला सूर असतो, छोट्या चकतीचा साधारण दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये. त्याच सुरावर तिला हलवलं तर नावापुरती वीज खाऊन ती कर्कश ओरडते. जरा बाजूच्या सुरावर न्या, लगेच घसा बसतो. कंट्रोलर चिपच्या एका पायाला थेट जोडली की झालं काम. ना अॅम्प्लिफायर, ना जाळी.

याच्या जागी स्पीकर बसवायचा तर अॅम्प्लिफायर आला, डब्याला भोकं आली, भोकांतून पाणी, वाफ आणि झुरळं आली. वॉशिंग मशीनमध्ये हे परवडत नाही, नुसतं पैशात नाही, टिकाऊपणातही. म्हणून सगळ्यांचा सूर एक. सगळ्यांनी एकच भाग घेतलाय.

आता 'कोण वाजतंय कळत नाही' त्याचं कारण. आवाज कुठून आला हे आपण दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो. खालच्या सुरांत वेळेचा फरक कामी येतो, वरच्या सुरांत जोराचा, कारण डोकं मधे आडवं येऊन पलीकडच्या कानाला सावली पाडतं. दीड ते तीन हजारांच्या मधे दोन्ही युक्त्या लंगड्या पडतात. बझर बरेचदा तिथेच. त्यात तो एकच शुद्ध सूर, बाकी काही नाही, आणि आपल्या घरांत खाली टाइल्स, ओट्यावर ग्रॅनाइट. आवाज सगळीकडून आपटून येतो. तुम्ही धावता ते भिंतीकडे.

रामबागवाली
काका, साष्टांग! म्हणजे जो सूर सासूबाईंचा गेलाय, तोच नेमका कंपन्यांनी निवडलाय?

कान_नाक_घसा
दुर्दैवाने हो. तरुण कान दोन ते पाच हजारांत सगळ्यात तीक्ष्ण असतो. तिथे कमी खर्चात जास्त ऐकू येतं. पंचविशीतल्या इंजिनिअरने स्वतःच्या कानावर तपासून पास केलेला आवाज आहे तो.

बुलेटराजा
तुम्ही सगळे टीं टीं करत बसलाय. आवाज हाच माल असू शकतो हे कुणी बोललंच नाही. बुलेटची धकधक काढून घ्या, मग उरतं काय? पाच लोक घेतील ती गाडी. हार्ले डेव्हिडसनने तर १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून अर्ज केला होता.

सुपरकॉरिडॉर_नाना
आणि २००० मध्ये मागे घेतला. बाकीच्या कंपन्या भांडायला उभ्या राहिल्या की असंच इंजिन असेल तर आवाजही असाच येणार.

पण मुद्दा खरा आहे. मोटारीचं दार बंद होतानाचा 'धप्' आवाज मुद्दाम बसवलेला असतो. पत्रा पातळ झाला तसा तो 'टणण्' व्हायला लागला, मग आतून दणके शोषणारे थर, जाड रबर, लॅचमध्ये बदल. शोरूममध्ये माणूस दार आपटून बघतो आणि म्हणतो 'गाडी मजबूत आहे'. त्याने मजबुती मोजलेली नसते, रबर ऐकलेलं असतं. इंडिकेटरची टिकटिकसुद्धा आता बऱ्याच गाड्यांत खोटी. पूर्वी रिले खरोखर चालू-बंद व्हायचा, त्याचा तो खटका. आता रिलेची गरजच नाही, म्हणून स्पीकरमधून टिकटिक वाजवतात. न वाजवली तर लोक इंडिकेटर लावून मैलभर जातात.

मुक्काम_पोस्ट_पुणे
वाजवली तरी जातात. या कधी विजयनगर चौकात.

शांतताप्रिय
बुलेटराजा, फटाका फोडणारा सायलेन्सर लावून रात्री अकराला पलासियावरून जाणारे तुम्हीच का? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. 'माल' तुम्ही घेतलात, पोचवता मात्र सगळ्या कॉलनीला.

बुलेटराजा
माझा कंपनीचाच सायलेन्सर आहे. नेमका मीच दिसतो का सगळ्यांना?

जुना_इंदुरी
वाचतोय केव्हाचा. तुम्ही सगळे आजच्या वस्तूंवर बोलताय, पण या गावाला आवाजाने चालवण्याची सवय जुनी आहे. मालवा मिल, हुकुमचंद, कल्याण, स्वदेशी, राजकुमार... मिलचे भोंगे व्हायचे. घड्याळ प्रत्येकाकडे नव्हतं आणि लागतही नव्हतं. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला डबा, तिसऱ्याला माणूस दाराबाहेर. वडिलांना नुसत्या आवाजावरून कुठल्या मिलचा भोंगा ते कळायचं. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद बंद पडली, बाकीच्याही एकामागून एक गेल्या.

दुसरा आवाज मालवा हाउसचा. आकाशवाणी इंदूर १९५५ पासूनची. सकाळी सभा सुरू होण्याआधी ती सिग्नेचर ट्यून लागायची, वॉल्टर कॉफमन या गृहस्थाने १९३६ मध्ये बांधलेली. लोक आता तिच्यावर हळवे होतात, पण ती होती कामाची गोष्ट. व्हॉल्वचा रेडिओ तापायला वेळ लागायचा, मग काटा फिरवत स्टेशन शोधायचं. ट्यून ऐकू आली की रेडिओ चालू आहे, काटा बरोबर जागी आहे, आता चहा ओता. सूर असा की खरखरीतूनही ओळखू यावा. याला मी डोकं लावलेला आवाज म्हणेन.

सराफ्याचा_खवय्या
काका, भोंगा होता तेव्हा शांतताप्रियांचे आजोबा काय करत असतील? :)

आयसीयूतली_ताई
रात्रपाळीत आहे, तुकड्यातुकड्यांत लिहिते.

तुमच्याकडे सहा वस्तू वाजतात, आमच्याकडे एका पेशंटभोवतीच तेवढ्या. मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप... आणि बहुतेक वेळा कारण किरकोळ. पेशंट कुशीवर वळला, बोटाचा क्लिप सरकला. दिवसभर खोटा इशारा ऐकून कान आपोआप बंद होतो. याला अलार्म फटीग म्हणतात आणि यात माणसं दगावल्याची नोंद जगभर आहे. शांतताप्रियांचं म्हणणं म्हणून मला अर्धं पटतं.

अर्धं का, तर आमच्याकडेच सगळ्यात सुंदर आवाजही आहे. पल्स ऑक्सिमीटर. प्रत्येक ठोक्याला एक 'पिप', आणि ऑक्सिजन उतरला की त्या पिपचा सूर खाली येतो. पाठ करून सलाइन लावत असले तरी सूर घसरला की मान आपोआप वळते. आकडा वाचावा लागत नाही. गाण्याचा कान नसलेल्या पोरींनाही आठवड्यात जमतं.

याच्या उलट, वैद्यकीय उपकरणांच्या मानकात मधे काही वर्षं हृदयाला एक धून, श्वासाला दुसरी धून असा प्रकार होता. पाठ कुणाचं होणार? सगळ्या धुनी सारख्याच वाटायच्या. २०२० च्या दुरुस्तीत ते सोडून ओळखीचे आवाज सुचवले. हृदयासाठी धडधड, श्वासासाठी श्वास घेतल्या-सोडल्याचा आवाज, औषधासाठी बाटलीतल्या गोळ्यांची खडखड. आमच्या मशीनांत अजून जुनंच आहे.

बोलावलं, जाते.

रामबागवाली
ताई, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे. काळजी घ्या.

कानाने_पाहतो
मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. शांतताप्रियांशी भांडण करायला आलोय (प्रेमाने).

आवाज काढून टाका म्हणणं डोळसांना परवडतं. पूर्वी मायक्रोवेव्हला गोल नॉब होता, हाताने फिरवला की कळायचं किती मिनिटं. गॅसला नॉब, पंख्याला खटके. आता सगळीकडे सपाट काच. बोट ठेवलं की टीं. तापमान वाढवलं, टीं. कमी केलं, टीं. बंद केलं, टीं. लॉक झालं, टीं. माझ्यासाठी त्या टींचा अर्थ इतकाच की 'तू काचेला हात लावलास'. ते मला माहीत असतं.

आणि उपाय फुकटचा आहे. वाढवताना चढता सूर, कमी करताना उतरता. बंदला दोन लांब. काका म्हणतात चकती एका सुरावरच जोरात वाजते, ठीक आहे, मग लय बदला, लांबी बदला. काही एसी चालू होताना आणि बंद होताना वेगळं वाजतात, तेवढ्यावर माझं भागतं. तिथे वेगळा स्पीकर थोडाच घातलाय.

बिनआवाजाच्या गाड्यांबद्दल कुणीच बोललं नाही. गल्लीतून ई-रिक्षा आली तर निदान तिचा खुळखुळाट ऐकू येतो. नवी इलेक्ट्रिक कार पार्किंगमधून मागे येते तेव्हा टायरखाली खडा चुरडला तरच कळतं. युरोपात जुलै २०१९ पासून नव्या मॉडेल्सना आणि २०२१ पासून सगळ्याच नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना ताशी २० किमीपर्यंत आणि रिव्हर्समध्ये आवाज करणं सक्तीचं आहे. त्यापुढे टायरच पुरेसे वाजतात. तर बुलेटराजा, तुमची धकधक मला चौक ओलांडताना उपयोगी पडते. फटाका नको तेवढा.

बुलेटराजा
दादा, दिल जिंकलंत. कधी बाहेर जायचं असेल तर गाडी घेऊन येतो.

शांतताप्रिय
@कानाने_पाहतो, मुद्दा मान्य. माझं वाक्य असं वाचावं: जो आवाज काही सांगत नाही तो नको. आत्या मात्र मागे घेणार नाही.

सोल्डरवाले_काका
लय बदलायला शून्य खर्च, दादांचं शंभर टक्के खरं. प्रोग्राममधल्या चार ओळी. होत नाही कारण बोर्ड एक कंपनी बनवते, डबा दुसरी, आणि बझरची ओळ कुणाच्याच कामाच्या यादीत नसते. इथे मात्र धागाकर्त्या ताईंचा आरोप मला मंजूर.

सुपरकॉरिडॉर_नाना
लयीवरून आठवलं. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासूनच्या कारमध्ये वेगाचा इशारा सक्तीचा आहे. ताशी ८० च्या वर गेलं की अधूनमधून बीप, १२० च्या वर सतत. सूर तोच, फक्त लय वेगळी, आणि कुणालाही न शिकवता कळतं. देवास बायपासवर आमचे सासरे ८० ची बीप आली की रेडिओ मोठा करतात, ते वेगळं.

मुक्काम_पोस्ट_पुणे
अवांतर: कुकरची शिट्टी यात धरायची का? आमच्याकडे पाककृतीत आच, पाणी काहीच सांगत नाहीत, फक्त 'तीन शिट्ट्या'.

सोल्डरवाले_काका
शिट्टी हा वजनाचा उद्योग. आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त झाला की वजन उचललं जातं, वाफ सुटते, वजन परत बसतं. आत तेव्हा १२० अंशांच्या आसपास. आच मोठी ठेवली की शिट्ट्या भराभर, डाळ कच्ची. माहितीपुस्तिकेत मिनिटं दिलेली असतात, वाचतो कोण? पण पलीकडच्या खोलीतून ऐकू येतं आणि कोण वाजतंय याची शंका राहत नाही, हे खरं.

रामबागवाली
धागा मिलपासून कुकरपर्यंत फिरून आला, मजा आली. आता काका, मशीनचं काही करता येईल का? आतला बझर काढून डिंगडाँग जोडता येईल?

सोल्डरवाले_काका
जोडता येईल, पण जोडू नका, आणि कॉलनीतल्या मिस्त्रीलाही हात लावू देऊ नका. बऱ्याच मशीनांचा बोर्ड मेन्सपासून वेगळा केलेला नसतो, ट्रान्सफॉर्मर नसतोच. बझरची तार म्हणजे २३० व्होल्टची तार समजायची. ओल्या जागी तर नकोच.

बाहेरून करू. एक छोटा माइक आणि ५६७ नावाची टोन ओळखणारी आयसी. तिला बझरचा सूर लावून ठेवायचा, तो सूर ऐकला की ती वायरलेस बेलचं बटण दाबेल. बॅटरीवर चालेल, मशीनला हातही नको. फक्त तुमचा मायक्रोवेव्हही त्याच सुरात ओरडला तर बेल तेव्हाही वाजणार, म्हणून डबी मशीनला चिकटवायची आणि माइक मंद ठेवायचा. बेल घ्याल ती धातूच्या पट्टीच्या आवाजाची घ्या. चिमणीची चिवचिव नको, ती बझरपेक्षाही वरची.

कान_नाक_घसा
ऑडिओमेट्री आधी. मग काकांना सांगा कुठल्या सुराची बेल चालेल, अंदाजाने नको.

रामबागवाली
शनिवारची वेळ घेतली. काका, सुटे भाग जेल रोडवरून आणू की तुमच्या डब्यात आहेत?

सोल्डरवाले_काका
५६७ माझ्याकडे पडून आहे. बेल तेवढी आणा.

कानाने_पाहतो
काका, लगे हाथ एक. नॉबवाला इंडक्शन अजून कुठे मिळतो का? काचेवाले तीन दुकानांत दाखवले, नॉबवाला विचारला की दुकानदार म्हणतो 'पुराना मॉडेल'.

सराफ्याचा_खवय्या
महाराणी रोडला विचारा. हॉटेलांना पुरवतात ते जाड स्टीलचे येतात, त्यांना नॉब असतो, कारण आचाऱ्याचे हात ओले. घरच्यापेक्षा जास्त वीज ओढतात, म्हणून १६ अँपिअरचा प्लग आहे का ते आधी बघा.

बुलेटराजा
दादा, रविवारी जाऊ. महाराणी रोड अर्धा बंद असतो पण मला एक दुकान ठाऊक आहे.

कानाने_पाहतो
अकराला तयार राहतो. हॉर्न वाजवू नका, गाडी ओळखेन.